लाल पेन उचलण्याआधी: वर्गातल्या या चुका टाळा

पहिलीचा वर्ग. चित्राखाली नाव लिहायचं होतं: घर, बैल, चूल, आई. एका मुलीनं आईच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'याडी'. मी लाल पेननं फुली मारली आणि शेजारी 'आई' लिहून दिलं. मुलगी तांड्यावरची. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आईला याडी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. शाळेच्या फाटकाशी तो शब्द रोज कानावर पडायचा. पण हातात लाल पेन आलं की आपले कान बंद होतात. पुढचे तीन आठवडे त्या मुलीनं आपणहून एक शब्द लिहिला नाही. फळ्यावरचं मात्र सुबक उतरवून काढायची, आणि मी तिला 'छान' असा शेरा देत होते!

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून मला बावीस वर्षं झाली. नव्यानं रुजू झालेले शिक्षक विचारतात, बाई, वर्ग कसा सांभाळायचा? मी त्यांना माझ्या चुकाच सांगते. त्यातल्या बऱ्याचशा एकाच खोडीतून आल्या. मूल चुकलं की मी बरोबर उत्तर सांगून मोकळी व्हायचे. ते उत्तर त्याच्या डोक्यात आलं कुठून, हे बघायचेच नाही.

'समजलं का?' हा प्रश्न

चाळीस मुलं एका सुरात 'होऽऽ' म्हणतात. त्या 'हो'चा अर्थ 'बाई, पुढे चला' एवढाच असतो. मी हा प्रश्न विचारणं सोडलं आणि 'पाटी वर' सुरू केलं. एक उदाहरण द्यायचं, प्रत्येकानं उत्तर पाटीवर लिहायचं, पाटी छातीशी धरायची आणि मी सांगितलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. अर्ध्या मिनिटात दिसतं किती जणांना आलं, आणि चुकलेले सगळे एकाच तऱ्हेनं चुकलेत का. एकाच तऱ्हेनं चुकले असतील तर गफलत बहुतेक माझ्या शिकवण्यात असते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलं लांब उत्तरं देतात, आणि एरवी गप्प बसणारीही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. उभं राहून बघा, जीव नुसता कासावीस होतो. मी चपलेच्या आत पायाची बोटं एकेक करून दाबते. तीन बोटं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

हात वर करणाऱ्यांनाच विचारणं ही तिसरी खोड. माझ्याकडे एका डब्यात आईस्क्रीमच्या काड्या आहेत, प्रत्येक काडीवर एक नाव. काडी निघेल त्यानं बोलायचं. यात एक धोका आहे. उत्तर येत नसलेल्या मुलाची सगळ्यांसमोर फजिती होते, म्हणून 'आत्ता नाही, नंतर विचारा' म्हणायची सोय ठेवलीच पाहिजे. मात्र नंतर आठवणीनं विचारायचं. नाहीतर पोरं हुशार असतात, आठवड्याभरात अर्धा वर्ग 'नंतर विचारा' म्हणू लागतो.

५२ वजा १७ बरोबर ४५

हे उत्तर दरवर्षी येतं. फुली मारण्याआधी नीट पाहा. मुलानं पाचातून एक काढला, चार उरले. एककाच्या घरात दोनातून सात जाईनात, मग सातातून दोन काढले, पाच उरले. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे आपणच पहिलीत शिकवलेलं असतं. त्यानं तो नियम इमानदारीत पाळला. त्याला पुन्हा 'हातचा घे' असं ओरडून सांगण्यात अर्थ नाही. उलट तो एका जागी हातचा घेईल आणि दुसरीकडे कमी करायला विसरेल.

मी खेळण्यातल्या नोटा काढते. दहाच्या पाच नोटा, रुपयाची दोन नाणी. दुकानदाराला सतरा द्यायचेत. एक नोट देऊन झाली, उरले सात, आणि सुटे दोनच. 'आता काय करशील?' गल्लीतल्या दुकानात जाणारं कुठलंही पोर सांगतं, 'नोट मोडीन.' मोडायला लावा. दहाच्या किती नोटा उरल्या, सुटे किती झाले, हे त्यानं बोटानं मोजलं की मगच ते वहीत मांडायचं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून केले तरी चालतं, फक्त रबर सोडायचं काम मुलानं स्वतः करायला हवं. मी पटकन सोडून दिलं की सगळं फुकट.

एकशे पाच हे १००५ असं लिहिणाराही ऐकलं तसंच लिहितो: आधी शंभर, मग पाच. लांब पट्टीवर १०० लिहा, आखूड पट्टीवर ५, आणि आखूड पट्टी लांब पट्टीच्या उजव्या टोकावर ठेवून दाखवा. शेवटचं शून्य झाकलं गेलं की १०५ दिसतात.

त्रेपन्नचे ३५ होण्यामागे तर आपली भाषाच आहे. कानावर आधी 'त्रे' पडतं, मग 'पन्न'. मूल त्याच क्रमानं लिहितं, त्याचं काय चुकलं? एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणाऱ्यालाही त्यातलं 'साठ' तेवढं ऐकू आलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, विनोद झाले. माझं मत विचाराल तर जुनी नावं मुलांना यायलाच हवीत, बाजारात 'पन्नास तीन' कोणी म्हणत नाही. पण शिकताना महिनाभर 'त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन' असं जोडीनं म्हटलं की उलटापालट पुष्कळ कमी होते. एकोणसाठसाठी 'साठाला एक कमी'.

पाढ्यांबद्दल एवढंच, की तालावर म्हणणं चांगलं, पण सात अठ्ठे किती विचारल्यावर मूल सात एके सातपासून गाडी सोडत असेल तर पाढा अजून पाठ झालेला नाही. मधूनच विचारत जा.

बोली सुधारत बसणं

'म्या काल रानात गेल्तो, तितं साप व्हता.' मूल अशी गोष्ट सांगतंय, डोळे मोठे झालेत, आणि आपण मध्येच म्हणतो, 'व्हता नाही, होता.' साप तिथंच मेला. मूल वाक्य सुधारून म्हणतं आणि खाली बसतं. मी हे शेकडो वेळा केलंय.

आता फळ्याच्या कडेला दोन रकाने असतात, 'घरातलं' आणि 'पुस्तकातलं'. गोष्ट पूर्ण ऐकायची, मग त्यातले दोन-तीन शब्द त्या रकान्यांत घ्यायचे. व्हता, होता. तितं, तिथे. आणि याडी, आई. तो शब्द मी फळ्यावर लिहिला त्या दिवशी तांड्यावरच्या चारही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भाकरीला 'बाटी' म्हणतात हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. पुस्तकातली भाषा शिकवायचीच आहे, त्यात सूट नाही. पण एका वेळी दोन-तीन शब्द पुरेत, आणि तेही गोष्ट संपल्यावर.

कारखान्यावरून आलेलं मूल

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास वर्ग निम्मा होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणून मोजतात. काही मुलं आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपला, की परततात.

परतलेल्या मुलाच्या हातात शेजाऱ्याची वही देऊन 'उतरवून घे' म्हणणं, ही माझ्या हातून झालेली सगळ्यात आळशी चूक. पाच महिन्यांचा अभ्यास उतरवून येत नसतो. त्यानं अक्षर तेवढं गिरवलं, आणि पुढच्या वर्षी गेला तो परत आलाच नाही.

आता पहिला अर्धा तास मी फक्त त्याच्याजवळ बसते. अक्षरं येतात का, शब्द जुळतात का, छोटा परिच्छेद वाचतो का? आणि गणित विचारताना पुस्तक बाजूला. चौथीतल्या एका मुलाला १२ गुणिले ५ लिहून दिलं तर तो पेन्सिल चावत बसला. मला आठवलं, तोडकरी उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, चाऱ्यासाठी विकतात. विचारलं, 'पेंढीला पाच रुपये धरले तर बारा पेंढ्यांचे किती?' साठ, लगेच. 'आन् गिऱ्हाईक पन्नासच देतंय मंग.' गुणाकार येत होता, गुणाकाराची खूण येत नव्हती. खूण शिकवायला दोन दिवस लागले.

शिक्षण हक्क कायद्यानं अशा मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. कागदावर ते होतं. प्रत्यक्षात ते बहुतेकदा बाईंच्या मधल्या सुट्टीत होतं, आणि मधली सुट्टी खिचडीच्या नोंदीत जाते. असो.

आवाज, फळा, तक्रार

ओरडून वर्ग शांत करायचा नाही. मारणं तर २००९च्या त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार गुन्ह्यासारखंच, आणि मानसिक छळालाही तिथं मनाई आहे. पण ओरडण्याला कोणी अडवत नाही म्हणून आम्ही ओरडतो. माझ्या घशात गाठी आल्या. डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलणं बंद करायला सांगितलं. रजा शिल्लक नव्हती, मग आठवडाभर टाळ्यांवर आणि फळ्यावर वर्ग चालवला. मी दोन टाळ्या वाजवल्या की मुलांनी तीन वाजवायच्या. वर्ग एरवीपेक्षा शांत राहिला, हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले.

महिन्यातून एकदा शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि आपलाच फळा वाचा. खिडकीचा उजेड पडून अर्धा फळा चकाकत असतो. शेजारणीच्या वहीत बघून लिहिणाऱ्या एका मुलीला मी वर्षभर 'कॉपी करते' म्हणाले. तिला चष्मा हवा होता. आरोग्य तपासणीचं पथक येईपर्यंत थांबू नका. फळ्यापासून पाच पावलांवर उभं करून वाचायला लावलं तरी अंदाज येतो.

आणि पालकांना फाटकाशी चारचौघांत तक्रार सांगू नका. बाप तिथंच कानफटात मारतो आणि मूल तुमच्याकडे बघत राहतं.

घरी आल्यावर

घरी मी बरीच वर्षं वर्गातल्या आवाजात बोलत होते. नवरा म्हणायचा, 'अगं, मी शेवटच्या बाकावर नाही, इथंच बसलोय.' हसण्यावारी जायचं. मुलगा हसत नव्हता. त्याला मी शाळेतून आला की एकच विचारायचे, 'किती पडले?' आठवीत त्यानं पेपर दाखवणं बंद केलं. विज्ञानाचा एक पेपर मला गादीखाली सापडला.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी मी पायाची बोटं मोजत होते आणि आपल्याच्या वेळी एक सेकंदही थांबत नव्हते! त्या संध्याकाळी पेपर घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि एका फुलीवर बोट ठेवून विचारलं, 'हे तू असं का लिहिलंस?' तो दारातच उभा राहिला. म्हणाला, 'रागावली नाहीस ना, ते आधी सांग.' एक बोट, दुसरं, तिसरं. मग तो समोर येऊन बसला आणि त्यानं ते उत्तर समजावून सांगितलं, मग पुढचं, मग त्यांच्या सरांचं काहीतरी, मग मित्राचं. वरण खाली लागलं. तसंच जेवलो.