सर्व्हरच्या इन्स्टॉलेशन सूचना दुरुस्त करताना: आधी कोरं मशीन

एखादं सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवायच्या सूचनांमध्ये चूक सापडली आणि ती दुरुस्त करून त्या प्रकल्पाला पाठवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) येतं, प्रकल्पाच्या साइटवर खातं आहे, मार्कडाउन (मजकुराला साध्या चिन्हांनी आकार द्यायची पद्धत) कळतं, एवढं धरून चालते. स्पेलिंगच्या चुका दिसल्या तर लगेच सुधारून वेगळ्या पाठवा, त्याला तयारी लागत नाही. ही तयारी चुकलेल्या कमांडसाठी आहे. गेल्या वर्षी मी अशीच एक दुरुस्ती पाठवली आणि चूक सूचनांमध्ये तशीच राहिली.

सगळ्यात आधी कोरं मशीन घ्या. ते सॉफ्टवेअर, त्याचा डेटाबेस, त्याचा युजर, यातलं काहीच ज्यावर कधी नव्हतं असं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तुमच्या संगणकाच्या आत चालणारा वेगळा संगणक. चालू सर्व्हर नको, ऑफिसातला टेस्ट सर्व्हरही नको. सूचनांच्या वर ऑपरेटिंग सिस्टमच्या ज्या आवृत्त्यांची नावं आहेत, त्या प्रत्येकीसाठी वेगळं मशीन. मी हेच केलं नाही. हजेरी नोंदवायच्या एका सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये कॉन्फिग फाइलचा (सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जच्या फाइलचा) पत्ता जुना होता, तो बदलला. हात लागलाच आहे म्हणून डेटाबेसच्या ओळीही नीट लावल्या. वर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टमच्या २२.०४ आणि २४.०४ अशा दोन्ही आवृत्त्यांची नावं होती. मी चालवून पाहिलं ते माझ्या २२.०४ वर, जिथे डेटाबेस आधीपासूनच होता. दुरुस्ती स्वीकारली गेली. चार दिवसांनी एका शाळेसाठी ते बसवणाऱ्या माणसाचा निरोप आला: दोन संध्याकाळी गेल्या, 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक', म्हणजे डेटाबेसमधल्या 'पब्लिक' नावाच्या कप्प्यात परवानगी नाही, याच्या पुढे काही सरकत नाही.

कारण असं. उबुंटू २२.०४ बरोबर पोस्टग्रेस या डेटाबेसची आवृत्ती १४ येते, २४.०४ बरोबर १६. मधल्या १५ मध्ये, म्हणजे २०२२ साली, नियम बदलला. आधी डेटाबेसला जोडलेला कोणताही युजर पब्लिक स्कीमात टेबल बनवू शकायचा, आता तसं होत नाही. त्यामुळे युजरला डेटाबेसवरचे सगळे अधिकार देणारी 'ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस' ही ओळ निमूटपणे चालते आणि सॉफ्टवेअर पहिलं टेबल बनवायला गेलं की सगळं अडतं. उपाय एका शब्दाचा आहे: डेटाबेस बनवतानाच 'ओनर' लिहून तो त्या युजरच्या नावावर करा. पण जुना डेटाबेस अपग्रेड करून १६ वर आणला असेल, तर जुन्या परवानग्या त्याच्याबरोबर येतात. तुमच्याकडे १६ असूनही ही चूक तुम्हाला दिसणार नाही. म्हणून पुन्हा सांगते, कोरं मशीन.

व्हर्च्युअल मशीनऐवजी डॉकरचा कंटेनर (सॉफ्टवेअर वेगळं ठेवून चालवायचा हलका डबा) घेऊन भागवू नका. त्यात सहसा सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम, नसतं, म्हणजे सर्व्हिस सुरू करायच्या ओळी तपासल्याच जात नाहीत. शिवाय तुम्ही आत सहसा रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, असता, त्यामुळे परवानग्यांच्या चुका झाकल्या जातात. 'सुडो' म्हणजे एखादी कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं. 'सुडो एको' करून पुढे बाणाच्या चिन्हाने इटीसी या सिस्टमच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या फाइलीत लिहायला सांगणारी ओळ रूटला चालते, साध्या युजरला नाही, कारण ती फाइल सुडो उघडत नाही, तुमचं शेल (तुम्ही दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) उघडतं. तिथे 'सुडो टी' हवं, म्हणजे फाइलीत लिहिणारी 'टी' ही कमांड रूटच्या अधिकाराने चालते. तेव्हा कोऱ्या मशीनवर साधा युजर बनवा आणि त्याच्याच नावाने सगळं चालवा.

पहिल्या कमांडच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या अवस्थेची प्रत, घ्या. मधेच काही अडलं, तुम्ही हाताने काही दुरुस्त केलं, की ते मशीन कोरं राहिलं नाही. स्नॅपशॉटवर परत जा आणि पहिल्या ओळीपासून सुरू करा. कंटाळा येतो, हे मान्य. तिसऱ्या फेरीला तर 'एवढं तर चाललंच होतं' असं वाटतंच. तरी परत जा.

कमांड टाइप करू नका, पानावरून कॉपी करून चिकटवा. वाचणारा तेच करणार आहे. कोणीतरी वर्ड प्रोसेसरमधून मजकूर आणलेला असतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात, दोन हायफनची एक लांब रेघ झालेली असते. हाताने टाइप केलं की बोटं ते आपोआप सुधारतात आणि चूक पानावर तशीच राहते.

फायरवॉलच्या ओळींचा क्रम बघा. यूएफडब्ल्यू (उबुंटूचा फायरवॉल) सुरू करायची ओळ आधी आणि एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं, पोर्ट २२ उघडायची ओळ नंतर असेल, तर दूरच्या सर्व्हरवर बसवणारा माणूस बाहेर अडकून पडू शकतो. ही चूक दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ती आधी पाठवा. आणि परवानगीची अडचण ७७७ देऊन, म्हणजे फाइल सगळ्यांना वाचायला, लिहायला आणि चालवायला मोकळी करून, सोडवलेली दिसली तर ती तशीच ठेवून पुढे जाऊ नका. कोणत्या युजरला कोणती फाइल लिहायची आहे ते शोधा.

शेवटी मशीन रीबूट करा. सर्व्हिसला 'स्टार्ट' (आत्ता सुरू कर) आहे पण 'इनेबल' (दर वेळी मशीनबरोबर सुरू हो) नाही, हे तेव्हाच कळतं.

मग पाठवायचं. एका दुरुस्तीत एकच चूक. सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीची पानं गिटच्या वेगळ्या शाखेत (वेगळ्या प्रतीत) असतील तर तिकडेही बघा. कोणत्या आवृत्तीवर, कशावर चालवलं ते लिहा, आणि जिथे चालवलं नाही तिथलं नाव लिहू नका. दुरुस्ती तपासणाऱ्या परीक्षकाने एखादी ओळ बदलायला सांगितली, तर बदललेल्या सूचना पुन्हा कोऱ्या मशीनवर, पहिल्या ओळीपासून.