स्पोर्ट्‌स कारची चावी हरवली तर दुसरी कशी करून घ्यावी

स्कूटरची चावी हरवली तर कोपऱ्यावरचा चावीवाला दहा मिनिटांत दुसरी घासून देतो. पोर्शे ९११ किंवा ऑडी आर८चं पातं कुणी अगदी हुबेहूब कापून दिलं, तर त्याने फार तर दार उघडेल. इंजिन चालू होणार नाही. या चाव्यांच्या डोक्यात नखाएवढी चिप असते. चावी इग्निशनमध्ये घातली, किंवा खिशातल्या चावीसह आत बसलं, की गाडी त्या चिपशी बोलते आणि तिची ओळख आपल्या यादीत आहे का ते तपासते. नसेल तर इमोबिलायझर इंजिन अडवतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८पासून नव्या गाड्यांना हे बंधनकारक आहे.

म्हणजे काम रेशन कार्डासारखं आहे. नव्या चावीचं नाव चढवायचं आणि हरवलेलीचं कमी करायचं. घरात एक चालती चावी शिल्लक असेल तर हे सोपं जातं. एकही नसेल तर खर्च, कागद आणि दिवस सगळंच वाढतं. त्यामुळे दोनांपैकी एक हरवली की ‘दुसरी आहेच की’ म्हणून गप्प बसू नका, त्याच आठवड्यात नवी मागवा.

आधी खात्री करा : चावी गेली की सेल गेला?

‘चावी बंद पडली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा चावी ठणठणीत असते. ९९१ पिढीची ९११ (पोर्शे प्रत्येक पिढीला असा अंक देते) आणि तिच्या काळातली पोर्शेचीच पानामेरा यांच्या गाडीच्या आकाराच्या चावीत सीआर२०३२ हा सेल लागतो. नवा सेल घालूनही चावी चालली नाही तर सेलचं पाकीट बघा. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. त्या लेपामुळे काही रिमोटमध्ये नीट संपर्क होत नाही. लेप नसलेला सेल घालून बघा, तोही कडेने धरून, कारण बोटाचं तेल दोन्ही बाजूंना लागलं की सेल हळूहळू उतरतो.

सेल पूर्ण उतरला तरी गाडी चालू होते. चिपला सेल लागत नाही. सेल फक्त बटणांसाठी आणि खिशातून ओळख पटण्यासाठी असतो. याच पोर्शेंमध्ये, चावी खिशातच ठेवून चालू करायची सोय असेल, तर इग्निशनच्या जागी बसवलेला फिरवायचा तुकडा ओढून काढा आणि तिथे चावी घाला. दारासाठी चावीच्या पोटात लपवलेलं पातं आहेच. दुसऱ्या गाड्यांमध्ये चावी टेकवायची जागा वेगळी असते. ती मॅन्युअलमध्ये बघून आजच एकदा करून पाहा, रात्री अकरा वाजता एक्स्प्रेसवेवर नको.

दुसरा फसवा प्रकार गाडीची बॅटरी उतरण्याचा. ९११ आणि बॉक्स्टर यांची बॅटरी पुढच्या डिकीत असते. ९११च्या ९९७ आणि बॉक्स्टरच्या ९८७ पिढीत ती डिकी विजेवर उघडते. बॅटरी उतरली म्हणून डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. पातं वापरून दार उघडा. पायांजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये एक लाल टोक असतं, ते बाहेर ओढता येतं. दुसऱ्या बॅटरीची धन वायर त्याला लावा आणि ऋण वायर दाराच्या चौकटीवरच्या उघड्या लोखंडी आकड्याला, म्हणजे ज्यात दाराचं कुलूप अडकतं त्याला. भोंगा वाजेल, घाबरू नका. चावीचं बटण दाबलं की डिकी उघडते. या टोकावरून इंजिन मात्र चालू करायचं नाही. तो मार्ग फक्त डिकी उघडण्यापुरता आहे.

दार उघडताना आणखी एक जपा. या गाड्यांच्या काचांना चौकट नसते. हँडल ओढलं की काच आधी थोडी खाली सरकते, मग दार सुटतं. बॅटरी नसेल तर काच सरकत नाही, वरच्या रबरात अडकून राहते. तेव्हा हिसका दिला तर रबर फाटतं किंवा काच तडकते. काच हाताने आत दाबत दार सावकाश सोडवा.

पावसाळ्यात आणखी एक शक्यता तपासा, विशेषतः जुन्या ९८६ बॉक्स्टरमध्ये. तिचं इमोबिलायझरचं युनिट सीटखाली, गालिच्याच्या पातळीवर बसवलेलं आहे. छताच्या आणि बॅटरीच्या कोनाड्यातल्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरतं, युनिट भिजतं आणि गाडी ओळखीची चावीही नाकारायला लागते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी जूनच्या आधी नळ्या साफ करून घ्याव्यात. गालिचा ओला लागत असेल तर नवी चावी मागवू नका. आधी युनिट तपासून घ्या, नाहीतर चावीचे पैसे पाण्यात जातील.

हरवलीच असेल तर कागद

पहिलं काम पोलिसांत नोंद. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद ऑनलाइन करता येते, बाकी ठिकाणी ठाण्यात जा. लोक ही पायरी कटकट म्हणून टाळतात, पण पुढे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ चाव्या मागते. दोनांपैकी एकच हातात असेल आणि दुसरीचा कागद नसेल, तर दावा अडकायला तेवढं पुरतं. विमा कंपनीलाही ईमेलने कळवा. पॉलिसीत चावी बदलून मिळण्याचं जादा कवच घेतलेलं असेल तर त्यासाठीही हीच नोंद लागते. नवी चावी विकत घेण्याआधी कळवायचं का, ते पॉलिसीच्या अटींत बघा.

अधिकृत शोरूममध्ये आरसी, मालकाचं ओळखपत्र, विम्याची प्रत आणि पोलिसांचा कागद न्या. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर लेटरहेडवर सहीशिक्क्याचं अधिकारपत्र. ड्रायव्हरला एकट्याला पाठवलं तर बहुधा हात हलवत परत येईल, आणि ते बरोबरच आहे. ज्या ठिकाणी कागद न बघता चावी मिळते, तिथे तुमच्या गाडीचीही दुसऱ्या कुणाला मिळेल.

चासी नंबर स्वतः टिपून न्या. १७ अक्षरं-आकडे असतात, विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातून दिसतात. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसलं की शून्य समजा. पोर्शेच्या स्पोर्ट्‌स कारचा नंबर डब्ल्यूपी० ने सुरू होतो, फेरारीचा झेडएफएफ ने, लॅम्बोर्गिनीचा झेडएचडब्ल्यू ने. आरसीवरचा आणि गाडीवरचा नंबर एका अक्षराने जरी वेगळा निघाला, तरी आधी ते निस्तरा. चावी याच नंबरावर मागवली जाते, आणि चुकीच्या नंबरावर आलेली चावी परत घेत नाहीत.

ऑर्डर : काय मागवायचं, काय नाही

इंटरनेटवर निम्म्या किमतीत ‘मूळ, वापरलेली’ चावी मिळते. घेऊ नका. एकदा एका गाडीशी जुळलेली चिप बहुतेक वेळा तिलाच बांधलेली राहते. आपल्या हाती पडतं ते चांगलं दिसणारं प्लास्टिक. नवं पण स्वस्त रिमोट घेण्यात दुसरा खड्डा आहे. अमेरिकेतल्या पोर्शेचं रिमोट ३१५ मेगाहर्ट्‌झवर चालतं, युरोपातलं आणि आपल्याकडचं ४३३वर. दिसायला दोन्ही सारखीच असतात. ३१५चं घेतलं तर चिप जुळेल, गाडी चालू होईल, पण बटणं आयुष्यभर मुकी राहतील.

पातं कापण्याची बाब तशी छोटी आहे. पोर्शे, ऑडी आणि लॅम्बोर्गिनी गॅलार्डो यांच्या पात्यांना एचयू६६ म्हणतात. त्याचे दात कडेला नसतात, पात्याच्या पोटात नागमोडी खाच असते. फुटपाथवरच्या कानस-यंत्राचं हे काम नाही. शिवाय झिजलेल्या चावीवरून नवी कापली तर झीजही तशीच उतरते. म्हणून नेहमी चासी नंबरावरून मिळणाऱ्या कोडनेच कापून घ्या.

कोटेशन लेखी मागा आणि त्यात चावी, पातं, प्रोग्रॅमिंग, आयातीचा खर्च या चार ओळी वेगळ्या लिहून घ्या. ‘चावीची किंमत’ म्हणून सांगितलेल्या आकड्यात प्रोग्रॅमिंग असतंच असं नाही.

कंपनीगणिक तऱ्हा बदलते. बीएमडब्ल्यूची चावी कारखान्यातूनच त्या गाडीसाठी ओळख भरून येते. ई४६ पिढीच्या एम३च्या काळातल्या गाडीत अशा १० चाव्यांपुरत्या जागा असतात. तिच्या रिमोटमधला व्हीएल२०२० सेल झाळून बसवलेला आणि इग्निशनमध्ये चार्ज होणारा असतो. महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडलेली चावी म्हणूनच मुकी होते. अशी चावी आधी रोज वापरून बघा. रिमोट गाडीला पुन्हा ओळखवायचं असेल तर इग्निशन पहिल्या टप्प्यावर नेऊन ५ सेकंदांत बंद करा, चावी काढा, उघडण्याचं बटण दाबून धरा, तेवढ्यात बंद करण्याचं बटण तीनदा दाबा, मग दोन्ही सोडा. कुलपं एकदा खटकली की जमलं. मर्सिडीजच्या इग्निशन स्विचमध्ये ८ चाव्यांच्या जागा आणि तिच्याही चाव्या गाडीनुसार भरून येतात. ॲस्टन मार्टिन डीबीएसची काचेची चावी हातातून सुटून फरशीवर पडली की तिथे फक्त हळहळ उरते. तिला कातड्याच्या पाकिटात ठेवणं हाच विमा.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फेरारींचं प्रकरण निराळं आहे. एफ३५५ किंवा ५५० मॅरानेलोबरोबर दोन काळ्या चाव्या आणि एक लाल चावी यायची. लाल चावी रोज चालवायची नव्हे. ती यादीत नवी नावं चढवणारी, घरातली कर्ती बाई म्हणा. ती हरवली तर काळ्या चाव्यांवर गाडी चालते, पण नवी चावी जोडणं अवघड होऊन बसतं आणि कंट्रोल युनिटांपर्यंत काम जातं. अशी गाडी विकत घेताना लाल चावी आणि कोडचं कार्ड समोर ठेवल्याशिवाय सौदा ठरवू नका. नसेल तर त्या हिशोबाने भाव पाडून मागा.

नाव चढवण्याचा दिवस

घरातल्या झाडून सगळ्या चाव्या बरोबर न्या. आर८ आणि गॅलार्डो यांच्यासारख्या ऑडी घराण्यातल्या इमोबिलायझरमध्ये यादी दर वेळी नव्याने लिहिली जाते. त्या बैठकीला हजर नसलेली चावी आपोआप यादीबाहेर जाते. हरवलेली चावी बाद करायला हे सोयीचं आहे, पण बायकोच्या पर्समध्ये राहिलेली चावीही तशीच बाद होते.

काम सुरू होण्याआधी बॅटरीला चार्जर लावला आहे का ते बघा, हे विचारायला लाजू नका. प्रोग्रॅमिंगच्या मध्येच व्होल्टेज बसलं तर कंट्रोल युनिट अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकतं. पोर्शेमध्ये हे काम पीविस नावाच्या यंत्रावर होतं आणि त्या गाडीचे कोड कंपनीकडून घ्यावे लागतात. इंटरनेट बंद असेल तर ‘उद्या या’ हे कारण खरं असू शकतं.

ताबा घेताना यादी किती चाव्यांची दिसते ते यंत्राच्या पडद्यावर बघा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. हातात दोन आणि पडद्यावर तीन, तर तिसरी तीच हरवलेली आहे. ती काढल्याशिवाय गाडी घेऊ नका. मग एकेक चावी एकटीनेच तपासा. दुसरी चावी खिशात ठेवून नवीची चाचणी घेणं ही नेहमीची चूक. गाडी जुन्या चावीला ओळखून चालू होते आणि नवी जमली असं वाटतं. दुसरी चावी वीस-तीस पावलं लांब कुणाच्या तरी हातात द्या. बटणांनी दार, पुढची आणि मागची डिकी, मग नुसत्या पात्याने ड्रायव्हरचं दार, मग इंजिन. पात्याची चाचणी सगळे विसरतात.

यादीतून नाव कमी झालं तरी हरवलेल्या चावीचं पातं दार उघडतंच. चावी समुद्रात पडली असेल तर काळजी नाही. पाकीट, आरसी आणि घरच्या पत्त्यासह गेली असेल तर कुलपांचा संच बदलण्याचा खर्च सोसा.

एकही चावी नसेल तर

कुलूप फोडू नका, काच फोडू नका. स्टेअरिंग लॉक असतं, त्यामुळे साध्या हुकने ओढून नेता येत नाही. फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी अख्खी पाठीवर घेणारा सपाट ट्रकच लागतो, आणि चाकांखाली सरकत्या ट्रॉल्या असलेला. त्यांना फोनवरच सांगा : गाडी बुटकी आहे, स्टेअरिंग लॉक आहे, गिअर आणि हँडब्रेक काय अवस्थेत आहे. ओढण्यासाठी पुढे पेचाने बसवायचा हुक ९११मध्ये हत्यारांच्या संचात असतो आणि तो संच बंद डिकीत. म्हणून ट्रॉल्या. शोरूममध्ये गाडी नेण्याची घाई मात्र करू नका. नवी चावी येईपर्यंत ती तुमच्या बंद गॅरेजमध्येच जास्त सुरक्षित आहे. चावी आल्याचा फोन आला की मगच फ्लॅटबेड बोलवा.