म्हाताऱ्या जोडप्यांचे सिनेमे कसे बघावेत

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी सिनेमे निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. निवडताना मी आधी संवाद सोडून हात बघते. कोण कोणाचं पांघरूण सारखं करतं, औषधाची बाटली कोण उघडून देतं. अर्धं प्रेम तिथेच कळतं.

सुरुवात १९३७ च्या ‘मेक वे फॉर टुमारो’ने करा. घर गेल्यामुळे म्हातारा-म्हातारी वेगवेगळ्या मुलांकडे राहतात. सुनेकडे पत्त्यांचा ब्रिज रंगलाय आणि म्हाताऱ्याचा फोन येतो. म्हातारी मोठमोठ्याने बोलते. खर्चाची काळजी, थंडीत जपण्याची ताकीद. सगळे आधी वैतागतात, मग एकेक जण गप्प होतो. इथे तिच्याइतकंच पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडेही लक्ष ठेवा. पुढे हॉटेलात ती नवऱ्याचा मुका घेणार, तेवढ्यात आपल्या प्रेक्षकांकडे बघते आणि थांबते! असा लाजरा प्रणय ‘बागबान’मध्ये (२००३) नाही, तिथे गाणी जास्त. तरी तोही दाखवा, आमच्या मंडळींना आवडतो.

दिग्दर्शक हानेकेचा ‘आमूर’ (२०१२) मात्र सरसकट लावू नका. त्यात पक्षाघात झालेल्या बायकोला नवरा पाणी पाजतो, ती थुंकते आणि तो तिला थोबाडीत मारतो. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांना आधी सांगून ठेवा. शिवाय संवाद फ्रेंचमध्ये, त्यामुळे सबटायटल्सची अक्षरं मोठी करून घ्या. चष्मे सगळे घरी विसरून येतात.