आर्मेनियन शब्दाचा माग असा काढा

आधी आजचा अर्थ वहीच्या उजव्या कडेला लिहा आणि तिकडे बघू नका. मी घेतला होता 'अश्खार्ह'. आज अर्थ 'जग'.

मग जुने ग्रंथ. मेस्रोप माश्तोत्सने 405 च्या सुमारास लिपी घडवली, त्यानंतरच्या लेखनात हाच शब्द 'मुलूख', 'प्रांत' म्हणूनही येतो. उताऱ्यांसकट अर्थ हवे असतील तर व्हेनिसचा 1836-37 चा कोश. व्युत्पत्तीला आर्मेनियन भाषातज्ज्ञ ह्राच्या आचार्यान यांचा कोश. (नाव वाचून मला आधी आपलेच कुणी आचार्य वाटले!)

आता ध्वनी सुटे करा. इथे घाई नको, पेन्सिलच घ्या. सुरुवातीचा 'अ' खोडा. जोडाक्षर जिभेवर यावं म्हणून तो चिकटलाय, आपल्या 'इस्टेशन'मधल्या 'इ'सारखा. 'श्ख' उलटा करा, 'र्ह' उलटा करा. 'ख्शह्र' उरलं ना? तो इराणी शब्द, अर्थ 'राज्य, सत्ता'. फारसीत त्याचंच झालं 'शहर', आणि संस्कृतातला त्याचा भाऊ 'क्षत्र'. एसटीच्या पाटीवरचं 'शहर' त्या दिवसापासून मला वेगळंच दिसतं.

पण लगेच सख्खं नातं जाहीर करू नका. हा उसना शब्द आहे. असे इराणी उसने शब्द वेगळे काढूनच जर्मन भाषाशास्त्रज्ञ ह्युब्शमानने 1875 मध्ये आर्मेनियन ही इंडो-युरोपीय भाषाकुलाची (ज्यात संस्कृत-मराठीही येतात) स्वतंत्र शाखा असल्याचं दाखवलं. खरा सख्खा शब्द चेहऱ्याने जुळेलच असं नाही: आर्मेनियन 'येर्कू' (म्हणजे दोन) आणि आपलं 'दोन' एकाच मुळाचे.

शेवटी जोडशब्द पाहा. 'ग्राबार' म्हणजे ग्रंथांची भाषा, 'अश्खार्हाबार' म्हणजे लोकांची.