जग्वारची डावी कूस, उजवी कूस
पांतानालला, म्हणजे ब्राझीलमधल्या अफाट पाणथळ प्रदेशात, जग्वारवर काम करायला निघालेले मला विचारतात, काय वाचून जाऊ? वाचायचं ते वाचाच, पण आधी पोर्तुगीज शिका. तिथले गुराखी जग्वारला ‘ओंसा’ म्हणतात. चिखलातला ठसा बघून त्यांनी मला जे शिकवलं, ते माझ्या मोठ्या पदवीवाल्या गाईडना जमलं नाही. असो.

आता माझी फजिती. हातात २० कॅमेरा ट्रॅप होते, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. मी ते २० जागी एकेक लावले आणि स्वतःवर खूश झाले. जग्वार ओळखायचा तो अंगावरच्या फुलांवरून, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या काळ्या कड्यांवरून. बिबट्याची फुलं आतून बहुधा कोरी असतात, याच्या फुलांत ठिपके असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पण एकाच जनावराच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची फुलं सारखी नसतात! माझ्याकडे ११ डाव्या कुशी जमल्या आणि ८ उजव्या. मी लिहून मोकळी झाले, १९ जग्वार. अहो, त्या ८ उजव्या त्याच अकरांपैकी आठांच्या असल्या तर? मग जग्वार ११च. एकाही जनावराच्या दोन्ही कुशी एकत्र टिपलेल्या नव्हत्या, त्यामुळे जुळवणार कशाशी? अख्खा हंगाम बाद.

तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावा. जागा निम्म्या झाल्या तरी चालेल. अगदी समोरासमोर नको, जरा तिरके. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत घुसतो. दोन्हींची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवा. आणि सॉफ्टवेअर कुशी जुळवून देतं म्हणून निर्धास्त राहू नका. न काढलेला फोटो ते कुठून आणणार?

बाकी घाबरू नका. तिथले नर सहज १०० किलोंच्या वर जातात, केमनच्या (तिथल्या मगरीच्या) कवटीत सुळे रुतवून त्याला मारतात, पण माणसाच्या वाटेला क्वचितच जातात. पाणी ओसरल्यावर, जुलै ते ऑक्टोबर, नदीकाठच्या पोर्तू जोफ्रे गावाला होडीतले पर्यटक एका दिवसात दोन-तीन बघून येतात. तुम्हाला महिनोन्‌महिने नुसते ठसे दिसतील. मला पहिला चौथ्या महिन्यात दिसला, नदी पोहून जाताना. तोंड माझ्याकडे. कूस एकही दिसली नाही.

कॅमेऱ्यातली ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या मात्र भरपूर न्या. पोकोने हे गाव सोडलं की पोर्तू जोफ्रेपर्यंतच्या १४५ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर त्या विकत मिळत नाहीत.