इंजिनिअर ताईचा सत्कार करायचाय? आधी ब्लेड आणा

मी भुसावळची. आयटीआयमध्ये बावीस वर्षं वायरमन ट्रेडच्या पोरापोरींना शिकवलं. निवृत्त झाले तरी आजूबाजूच्या शाळांचे असले कार्यक्रम माझ्याच गळ्यात पडतात, म्हणून लिहिते.

महिला अभियंता दिन जगात २३ जूनला. आपल्याकडे तेव्हा पेरणीची धांदल, शाळा नुकती उघडलेली. आम्ही २७ ऑगस्ट धरतो, ए. ललिता यांचा जन्मदिवस. जन्म १९१९चा. अठराव्या वर्षी नवरा गेला, पदरात काही महिन्यांची मुलगी. तरी १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विजेचं काम केलं. पदवीच्या कागदावर 'तो' असंच छापलेलं. ते खोडून 'ती' करावं लागलं. हे भाषणात सांगू नका. फळ्यावर 'तो' लिहा, आणि एखाद्या मुलीला काट मारायला बोलवा.

फ्लेक्सचं प्रूफ आधी व्हॉट्सॲपवर मागवा. पहिल्या वर्षी मी दोन फोटो दिले होते: पाहुण्या ताईंचा आणि मेरी जॅक्सन यांचा. जॅक्सनबाई १९५८ साली नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर झाल्या. फ्लेक्सवाल्या पोराने दोघींना गोरंपान करून ठेवलं! "मॅडम, फोटो डल होते." अरे, त्या रंगापायीच तर बाईंना गोऱ्यांच्या शाळेतल्या वर्गात बसायला शहराची परवानगी मागावी लागली होती. पाचशे रुपये गेले, पण दुसरा छापून घेतला.

पाहुणी शोधायला मुंबई-पुण्याला जाऊ नका. सबस्टेशन, लोको शेड, ठिबकचे कारखाने, सगळं इथंच आहे. फोनवर हुद्दा विचारू नका; "ताई, तुम्ही कामात काय बदललंत?" एवढंच विचारा, आणि फोडून दाखवता येईल अशी वस्तू आणायला सांगा. शाल-नारळ शेवटी. एका शाळेत मान्यवरांची भाषणं दीड तास चालली आणि ताईंच्या वाट्याला सात मिनिटं आली, तेव्हापासून माझा नियम आहे: आधी ताई, मग अध्यक्ष.

गेल्या खेपेच्या ताई ठिबकचं डिझाइन करणाऱ्या. त्यांनी सोळा एमएमची नळी ब्लेडने उभी चिरली. आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर करवतीच्या दातांसारखी नागमोडी वाट. वळणावळणाला पाण्याचा जोर मोडतो, म्हणून बाहेर थेंबच पडतो. नळी हातोहात फिरली. रावेरकडची, केळीवाल्या घरची एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडं हीच चोकअप होते. वाट रुंद केली तर?"

"मग जोर कोण मोडणार?" म्हणत ताईंनी मार्कर मागितला आणि जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर आकृती काढायला बसल्या. सगळ्या मुली भोवती. अध्यक्षांचं भाषण राहूनच गेलं.