आयरिश गावांच्या नावांचा अर्थ लावताना या चुका टाळा

आयर्लंडच्या नकाशावर बॅलिना, बॅलिशॅनन, बॅलिनस्लो ही नावं दिसली की 'बॅली' म्हणजे 'बाल्या', म्हणजे गाव, असं आपण पटकन ठरवून टाकतो. बऱ्याच नावांत ते बरोबरही असतं. पण या तिन्ही नावांत मूळ शब्द 'बेल आहा' आहे, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या उताराचं तोंड. 'किल'चंही तेच. किलकेनीतला किल म्हणजे चर्च, पण किल्टीक्लॉहरमध्ये वनराई आहे. दोन वेगळे आयरिश शब्द इंग्रजी कानाला सारखेच ऐकू आले. म्हणून इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ लावूच नका. रस्त्यावरच्या पाटीवर वर तिरक्या अक्षरांत आयरिश नाव असतं, सुरुवात तिथून करा.

तरी पाटीवरही डोळे झाकून विसंबू नका. 'डब्लिन' आलं 'दुव लिन' म्हणजे काळ्या डोहावरून, पण पाटीवर 'बाल्या आहा क्लीआ' हे निराळंच नाव दिसेल. वॉटरफर्ड तर आयरिशही नाही आणि त्यात 'वॉटर'ही नाही. ते व्हायकिंगांचं नाव आहे.

आयरिश शब्द कोशात सापडत नाही, ही अडचण सगळ्यांनाच येते. आपण 'पुणे'चं 'पुण्यात' करतो, म्हणजे शब्दाचं शेपूट बदलतो. आयरिशमध्ये शब्दाचं तोंडही बदलतं. कायलमोर म्हणजे मोठं रान. 'कोइल' म्हणजे रान, 'मोर' म्हणजे मोठं. पण पाटीवरच्या नावात दोन्ही शब्दांच्या पहिल्या अक्षरानंतर एच घुसलेला असतो, त्यामुळे 'क'चा 'ख' होतो आणि 'म'चा 'व'. तो एच काढून कोशात बघा, शब्द लगेच मिळेल. लॉगअनिम या सरकारी संकेतस्थळावर नावांची जुनी रूपंही आहेत, ती जरूर चाळा. खरी गंमत तिथेच आहे!

आणि इंग्रजीत अर्थ लागतोय म्हणून गोष्ट रचू नका. आपल्या मुंबईत शीव म्हणजे वेस, तिचं 'सायन' झालं. तसंच डब्लिनच्या फीनिक्स पार्कचं. मूळ शब्द 'फ्यून इश्का', म्हणजे निर्मळ पाणी. त्याचा 'फीनिक्स' हा दंतकथेतला पक्षी झाला, आणि 1747 मध्ये त्या पक्ष्याचा स्तंभही उभारला गेला. तो आजही तिथे उभा आहे.